अपुऱ्या कागदांची फाईल

"तिसऱ्या पानावर बँकेचा शिक्काच नाही, काका," व्हिसा कचेरीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

फिटरनं मान खाली घातली. कंपनीनं विकलेलं एक मशीन परदेशात बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करायला मालकांनी त्यालाच निवडलं होतं. शुक्रवारचं विमान, मुक्काम पंधरा दिवस. मालकांना कुरकुर ऐकायची सवय नव्हती. नोकरी प्यारी असेल तर कागदांच्या मागे लागा, एवढंच ते म्हणाले होते.

"मग अर्ज नामंजूर होईल का?" त्यानं लगेच विचारलं.

"अहो, एवढ्यानं कुठे नामंजूर होतोय! चारपर्यंत शिक्का मारून आणा. मी फाईल थांबवते."

तो पाय ओढत बँकेत गेला. रांग दारापर्यंत आली होती. मुकाट्यानं तो शेवटी उभा राहिला. साडेतीन झाले, तेव्हा मॅनेजरांची नजर त्याच्या पडलेल्या तोंडावर गेली. एरवी कुणाला हिंग लावून न विचारणारा तो माणूस स्वतः उठून आला आणि खातेउताऱ्याच्या सगळ्या पानांवर धडाधड शिक्के मारून मोकळा झाला.

"पळा आता!" मॅनेजर म्हणाले. माणसं कधीकधी उगाचच चांगली वागतात, त्याला कोण काय करणार!

वाटेत बायकोचा फोन आला. "काय झालं हो?"

"अजून एकदोन कागद राहिलेत."

"बरं. चिमणी सारखी विचारतेय."

"तिला सांग, बाबा जिवाचं रान करतोय."

चार वाजून गेले होते, पण व्हिसा कचेरीच्या वॉचमननं त्याच्यासाठी फाटक उघडं ठेवलं होतं.

"सगळा खर्च कंपनी करेल, असं पत्र लागतं," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"घरीच राहिलं वाटतं."

"हे काय, पिशवीच्या कप्प्यातून डोकावतंय की! इतकं गोंधळून कसं चालेल, काका?"

पगाराची एक पावतीही कमी निघाली. मुलीनं आपणहून कंपनीत फोन लावला आणि पाच मिनिटांत पावती मागवून घेतली. "मालकांनी जातीनं पाठवली. भाग्यवान आहात!"

बुधवारी पासपोर्ट हातात पडला. आत व्हिसा होता. फिटर बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याला रडू येत होतं, आणि येणारेजाणारे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

त्यानं घरी फोन लावला. "मिळाला," तो म्हणाला.

"व्हिसा नाकारला तरच दुसऱ्याला पाठवीन, म्हणाले होते ना हो मालक?" बायको म्हणाली. "मग शनिवारी ऑपरेशनला नेताना चिमणीचा हात कोण धरणार?"