पाठच्या भावाला जामीन

भावाच्या टेम्पोच्या कर्जाला ती जामीन राहिली होती. धंदा बुडाला, टेम्पो गेला, भाऊ तोंड लपवून परगावी गेला आणि हप्ते तिच्या दारात येऊन बसले. लोकांचे कपडे शिवून शिवून तिने ते फेडले. दोन मशिनींतली एक विकली, डोळे अधू झाले. आज शेवटचा हप्ता भरला.

“सुटलात एकदाच्या, ताई,” बँकेचे मॅनेजर म्हणाले. “आता भावाकडून वसूल करा. जामीनदाराला तो हक्क असतो. सही करताना हात नाही का हो कापला तुमचा?”

“कापला की! पण साहेब, पाठचा भाऊ तो. माझ्या कडेवर बसून त्यानं जग पाहिलेलं.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“माझा फोन तो उचलत नाही. बँकेतून एक निरोप धाडाल त्याला?”

“कर्ज फिटल्याचा मेसेज जाईलच.”

“फिटल्याचा नको, साहेब. बँकेनं माफ केलं, असं कळवा. मी फेडलं म्हणून कळलं, तर लाजेनं तो जन्मात घरी यायचा नाही.”