वाढलेले सेकंद

न विचारताच फोन अपडेट झाला आणि जयपालअण्णांचं टाळकं फिरलं. अक्षरं बारीक झाली, नंबर भलतीकडेच जाऊन बसले, तेही त्यांनी सोसलं असतं. पण फोनवाल्यांनी शालनलाही सोडलं नव्हतं.

शालन, त्यांची बायको, वारून चार महिने झाले होते. तिचा एकच निरोप फोनमध्ये उरला होता, नऊ सेकंदांचा. “आवं, दिवस बुडायच्या आत जेवायला या.” जैनाचं घर, अंधार पडल्यावर घास घ्यायचा नाही. अण्णा रोज तो निरोप ऐकूनच ताटावर बसत.

आता तिथं वीस सेकंद दिसत होते.

सांगलीत पल्लवीच्या मोबाइलच्या दुकानात त्यांनी भर दुपारी फोन काउंटरवर आपटला. “माझ्या नऊ सेकंदांचं वीस कुणी केलं?”

“अण्णा, अपडेटनं आकडे चुकत्यात कवा कवा. ऐकून बघितलं का तुमी?”

“धीर झाला न्हाई. हुतं तसं करून दे. माझ्या बायकोच्या आवाजाला हात लावायचा अधिकार ह्यांना कुणी दिला?”

पल्लवीनं निरोप लावला. पहिले नऊ सेकंद तेच होते. मग थोडी शांतता. मग फोनमधून अण्णांचाच चिडका आवाज आला, “माझ्या बायकोच्या आवाजाला हात लावायचा अधिकार ह्यांना कुणी दिला?”

पल्लवीनं अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. बाहेर ऊन रखरखत होतं.

मग शालन बोलली, नेहमीसारखीच. “तिच्यावर कशाला वरडताय? दिवस बुडाला. आता जेवायचं न्हाई. नुसतं चला.”