परक्या डब्यांची बोली

"तू बहीण आहेस, तूच सांग," म्हणत भागीदारांनी तिला खाली पिटाळलं. वर्कशॉपच्या बंद दारापाशी मात्र तिचे पाय अडखळले.

सांगायचं होतं दादाला. ट्रकमध्ये बसवायचा तो छोटा काळा डबा त्याच्या हातचा. गाडी कुठे आहे, इंजिन तापलंय का, ब्रेक कधी दगा देणार, सगळं तो डबा ऑफिसात कळवायचा. त्याच्याच जिवावर कंपनी उभी राहिली. धूळ, धक्के, रणरणतं ऊन, त्याला काही म्हणता काही बाधायचं नाही. एकदा पुरातून ओढून काढलेल्या ट्रकमधला डबा चिखल पुसताच बोलायला लागला, तेव्हा दादा वर्कशॉपभर नाचला होता.

पण आता नव्या गाड्या कारखान्यातूनच आपापला डबा घेऊन बाहेर पडू लागल्या होत्या. सकाळीच एक बडा वाहतूकदार येऊन रोखठोक बोलून गेला, "गाडीची नाडी तुमच्यासारखी कुणाला कळत नाही. पण डबे माझ्या ट्रकांत आहेतच. त्यांच्यावरून गाडीची तब्येत सांगता येत असेल तर बोला, सगळ्या ट्रकांचं काम तुमचं."

कंपनी वाढायची तर वाट हीच होती. म्हणजे दादाच्या डब्याला कायमची रजा. आणि दादा तर कित्येक महिने दार लावून आत बसलेला. नवा डबा घडवतोय, असंच सगळे धरून चालले होते.

तिनं मन घट्ट केलं आणि दार ढकललं.

टेबलावर डबेच डबे. झाकणं उघडी, तारा बाहेर. त्यांत दादानं घडवलेला एकही नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र त्यांच्याच कंपनीचा नकाशा होता आणि त्यावर गाड्या सरकत होत्या.

"दादा, हे कुणाचे रे?"

"सगळ्यांचे. जुनी गिऱ्हाइकं आपापल्या नव्या गाड्यांतला एखादा आणून देतात," तो मान वर न करता म्हणाला. "प्रत्येकाची बोली निराळी. ती कळली, की तसल्या सगळ्या गाड्या आपल्या नकाशावर दिसतात. बाकीचे वळले, पण हा एक महाखट. सगळा उन्हाळा तोंड उघडलं नाही पठ्ठ्यानं. आज बोलला!"

"आणि आपले डबे जोडणारी माणसं?"

"त्यांनाही हेच शिकवतोय. कुणाला घरी बसावं लागणार नाही."

ती स्टुलावर टेकली. तिचा चेहरा पाहून दादानं हातातला डबा खाली ठेवला. त्याचा आवाज एकदम पडला.

"पहिले डबे तूच ट्रकअड्ड्यांवर उन्हातान्हात हिंडून विकलेस. म्हणून तर दार लावून बसलो होतो गं. आपला डबा आता बंद करायचा, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"