मागच्या अंगणातलं शीड

"पांढरं नको," ग्लेनिस म्हणाली. "डोळ्यांवर येतं. तो गडद निळा दाखवा."

डोमेनिकने कापडाचे नमुने बाकावर पसरले. मागच्या अंगणात खांबांना कापड ताणून सावलीचं शीड उभारून द्यायचा त्याचा धंदा. उन्हाळ्याच्या तोंडावर ऑस्ट्रेलियातल्या त्या रखरखीत मिल्ड्युरात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे.

तिचा नवरा व्हर्न खुर्चीत बसून बघत होता. उजव्या कानावर चिकटपट्टी होती, आणि ती दिसू नये म्हणून त्याने टोपी तिरपी ओढली होती. उभा जन्म लोकांच्या घरांवर पत्रे ठोकण्यात गेला, तेव्हा टोपी घालायचं सुचलं नाही. आता परसात बसायलाही टोपी.

दर वर्षी नवराबायको एकत्रच कातडी तपासून घ्यायला जात. तिथल्या उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो, म्हणून गावात सगळेच जातात. यंदा डॉक्टरीणबाईंनी व्हर्नच्या कानावरचा खडबडीत डाग कापून घेतला. आलेच आहात तर, म्हणून ग्लेनिसच्या पाठीवरचा एक तीळही काढला. दोन्ही तुकडे तपासायला गेले.

परतताना गाडीत व्हर्न म्हणाला होता, "निकाल वाईट आला तर मला सांगू नकोस. एक अक्षर नको. शपथ घे."

"वेडा आहेस का?"

"घे."

तिने घेतली.

घरात फोन उचलायचं काम तिचंच. दवाखान्याचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ नुसतं "हो, हो" करत राहिली. मग कपडे धुवायच्या खोलीत गेली, मशीन लावलं, आणि मशीन थांबलं तरी बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"व्हर्न, मला तुझ्याशी..."

"शपथ घेतली आहेस," तो म्हणाला आणि अवजारांच्या खोलीत जाऊन बसला. विचारायला उरलं काय होतं?  दुसऱ्या दिवशी तिने शीडवाल्याला बोलावलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली.

"दुपारी बाहेर कधी बसता?" डोमेनिक विचारत होता.

"तीनच्या सुमाराला."

"मग खांब त्या लिंबाच्या अंगाला घेऊ. सावली सरकते ना. छत डोक्यावर आणि माणूस उन्हात, असं नको."

"खांब हवेत कशाला? एक टोक घराच्या पन्हळीच्या फळीला अडकव की," व्हर्न म्हणाला.

"आणि स्वतःला पत्रेवाला म्हणवता! वारा सुटला की फळीसकट शीड पलीकडच्या द्राक्षमळ्यात."

व्हर्नला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

"कपड्यांच्या दोरीवरही सावली यायला हवी," ग्लेनिस म्हणाली.

"दोरीवर? बाई, कपडे उन्हातच वाळतात."

"वाळत घालणारा उन्हात उभा राहतो."

व्हर्नने मान खाली घातली. बरोबर आहे, त्याला वाटलं. हिची तरी कातडी वाचू दे.

खांब रोवले, काँक्रीट घट्ट व्हायला आठवडाभर तसेच सोडले. त्या आठवड्यात व्हर्नने मासेमारीची होडी मेव्हण्याला देऊन टाकली. ग्लेनिसने त्याला कपड्यांचं मशीन लावायला शिकवलं, वाटाण्याचं सूप करायला शिकवलं. म्हातारा खचू नये, हाताला काही काम असावं, म्हणून बिचारी धडपडते आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि तिच्या समाधानासाठी सुपात डाव फिरवत राहिला. एकदा मात्र डोकं फिरलं. "मला काय करायचंय हे शिकून!" म्हणत त्याने डाव फेकला.  ती भिंतीवरचे हिरवे शिंतोडे पुसत राहिली.

डोमेनिक परत आला, शीड ताणलं. दोन टोकं उंच, दोन खाली, म्हणजे पाऊस आला तरी पाणी साचणार नाही.

"वादळाचा इशारा आला की उतरवायचं," तो म्हणाला. "एकट्याला जमतं. हा मळसूत्राचा आकडा सैल केला की झालं. कोणाला दाखवू?"

"हिला," व्हर्न म्हणाला.

"त्याला," ग्लेनिस म्हणाली.

"अगं, तूच शीक. तुलाच करायचंय."

"माझी उंची पुरत नाही. त्याला दाखवा."

"स्टुलावर चढ की, बये!"

"तू शिकणार आहेस, म्हाताऱ्या, आणि आत्ता, माझ्यादेखत!" तिचा आवाज फाटला.

डोमेनिक गोंधळून दोघांकडे पाहत राहिला. शेवटी त्याने व्हर्नच्या हातात पाना दिला. व्हर्नने आकडा सैल केला, परत आवळला. ग्लेनिसने त्याला ते पुन्हा करायला लावलं. मग कुठे तिच्या जिवाला बरं वाटल्यासारखं दिसलं. जाताना व्हर्नने डोमेनिकला आपली चांगली शिडी देऊन टाकली.

तीन वाजता दोघं चहा घेऊन बाहेर बसली. खुर्च्यांवर, बाकावर, थेट दोरीपर्यंत निळसर सावली होती. पलीकडे गवत करपत होतं. व्हर्नला तिची फार माया आली. इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी हिच्या डोक्यावर हे ओझं ठेवून चाललो. त्याने तिचा हात धरला.

"मी गेल्यावर हे उतरवून टाकू नकोस. इथेच बसत जा."

"तू कुठे चाललास?"

"पुरे आता, ग्लेनिस. त्या शपथेतून सुटलीस. तू फोन ठेवलास ना, तेव्हाच मला कळलं होतं."

तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"काय कळलं होतं?"

त्याने नुसतं कानाला बोट लावलं. जखम कधीच भरली होती, तरी पट्टी काढायला तो तयार नव्हता.

 ती कप खाली ठेवून जवळ सरकली, त्याची टोपी उतरवली, आणि दुखणार नाही अशा बेताने पट्टी सोलून काढली.

"व्हर्न," ती म्हणाली, "तुझ्या कानाला काहीही झालेलं नाही रे. तो फोन कानाचा नव्हता."