पिवळी रेघ

कट्‌कन आवाज झाला आणि नटासकट अर्धा स्टड सुदर्शनच्या पान्यात आला. सायलेन्सर इंजिनाला धरून ठेवणाऱ्या त्या आटेदार सळईचा उरलेला अर्धा तुकडा इंजिनाच्या हेडमध्येच राहिला. हा दुसरा स्टड. पहिला परवा न्हावऱ्याच्या रस्त्यावर चालत्या गाडीत आपोआप तुटला होता आणि सायलेन्सरच्या मुळाशी ट्रॅक्टरसारखी फटफट सुरू झाली होती. तो एक काढायला म्हणून सुदर्शन सकाळी बसला, तर एकाचे दोन झाले.

"कुण्या बैलानं आवळलंय हे!" तो बॉनेटखालून ओरडला. "हात मोडले पाह्यजेत त्याचे!"

शेडच्या दाराशी त्याचे वडील, हौशीराम आबा, कांदे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "लोखंडच हाय. तुटायचंच," एवढंच म्हणाले.

सुदर्शनच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनच माणसं बसणारी ही लाल स्पोर्ट्स कार त्याने भंगारातून उचलून आणली होती. रांजणगावच्या कंपनीतल्या पाळ्या सांभाळून, सुट्ट्या घालवून ती उभी केली होती. कंपनीत शिकला तसंच इथेही केलं. नट नेमक्या जोराने आवळायचा आणि त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. सायलेन्सरकडच्या रेघा तेवढ्या उष्णतेने कधीच जळून गेल्या होत्या.

आबांना हे सगळे थेर वाटत. "धड कांद्याची येक गोणी बसंना, ती कसली गाडी?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. एकदाही तिच्यात बसले नव्हते. त्यांची स्वतःची तऱ्हा एकच होती. पान्याला लांब पाईप लावायचा आणि अंगातला सगळा जोर काढून आवळायचं. विहिरीवरची मोटार असो की ट्रॉली. न्हाणीतला नळ त्यांनी बंद केला, की सुदर्शनच्या आईला पक्कड शोधावी लागे.

आणि आज गाडी पुण्याला पोचायलाच हवी होती. जुन्या स्पोर्ट्स कार नव्या करून देणाऱ्या एका वर्कशॉपच्या मालकाने बोलावलं होतं. "गाडी घेऊन ये. तुझं काम तीच सांगेल. आज दिवस मावळायच्या आत आलास तर उद्यापासून इथे." सुदर्शनला आयुष्यात दुसरं काही नको होतं. महिन्याभरापूर्वी त्याने पुण्याला जायचं घरात सांगितलं, तेव्हा आबा भाकरी अर्धी टाकून उठून गेले होते.

त्याने तुटक्या टोकांवर तेल सोडलं. हलके हातोडे मारले. पक्कड चढवली, ती घसरली आणि बोटांची सालटी निघाली. शेवटी पहिल्या स्टडच्या मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा टॅप फिरवला. जरा हलल्यासारखं वाटलं, आणि टॅपच आत मोडला. आता टॅपच्या त्या कडक पोलादावर ड्रिलसुद्धा चालणार नव्हतं. सुदर्शनला रडू आलं. एवढा मोठा बाप्या, पण खरंच आलं.

निदान दुसरा तरी निघेल, चाक काढून बाजूने हात घालू, म्हणून तो चाकाकडे वळला. चाकाचे नट ढिम्म हलेनात.

"आबा, मोटारीवरचा पाईप कुठाय?"

"त्या पोत्यामागं बघ."

पोतं गाडीच्या मागेच होतं. विहिरीवरचा पाईप इथे कशाला आला, असा विचार करतच सुदर्शनने तो पान्याला लावला. पण जोर लावायच्या आधीच तो थांबला. नटावरची पिवळी रेघ आवळायच्या बाजूला पुढे गेली होती आणि रिमवरची मागे राहिली होती. मधे बोटभर फट. त्याने पुढचा नट पाहिला. मग पलीकडचं चाक. मग मागची दोन्ही. एकही रेघ सरळ नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. "निघालास का?" मालक विचारत होता.

"न्हाई, साहेब. स्टड आतच तुटलेत. उद्या आणली तर..."

"मग राहू दे. दुसरा एक जण आलाय, त्याला ठेवून घेतो."

सुदर्शन पाईप घेऊन दाराशी आला. त्याचा आवाज फाटला होता.

"मी जाऊ न्हाई म्हणून केलंत व्हय हे? आं? झालं आता तुमच्या मनासारखं! गेलं काम!"

आबांच्या हातातला कांदा हातातच राहिला. त्यांनी गाडीकडे बघितलं.

"तुला थांबवायचं आस्तं तर ढिलं केलं आस्तं रं," ते म्हणाले. "आवळलं कशाला आस्तं?"

 सुदर्शन माघारी फिरला. पाईप टाकून दिला आणि जरा टेकावं म्हणून गाडीचं दार उघडलं. नजर सीटखाली गेली. ड्रायव्हरच्या सीटच्या सगळ्या बोल्टांवरच्या रेघा सरकल्या होत्या. तिच्या सीटबेल्टच्या बोल्टावरचीसुद्धा.

शेजारच्या सीटच्या रेघा त्याने ओढल्या होत्या तशाच, सरळ होत्या.