नमुन्याचा भालाईत

परीक्षकानं भालाइताला चिमटीत धरून पालथं केलं, तसा तिचा जीव टांगणीला लागला.

शिपाई जेमतेम अंगठ्याएवढा. प्राचीन काळातला; डोक्यावर शिरस्त्राण, डाव्या हातात ढाल. टेबलावर लढाया खेळणाऱ्यांसाठी असे शेकडो शिपाई ओतले जात. पण त्याआधी मूळ नमुना कारखान्यातल्या परीक्षकाच्या या खोलीतून पास व्हावा लागे. बाबा नमुना घडवत, ती घासून रंगवून देई.

अकरा वर्षं नमुने टपालानं जात होते. उत्तर बाबांच्या नावे येई. ते वाचत, कागदाची घडी घालत, म्हणत, "नापास. ढाल जड झाली म्हणे." कधी भाला, कधी कोपर.

"एक पास होऊ दे, पोरी. मग मी हात धुतले, आणि तू मोकळी. खुशाल लग्न कर."

शिपाई तरुणच राहिले. तिच्या केसांत मात्र एकेक रुपेरी तार उमटत गेली.

पुलांवर काम करणारा फिटर तिच्यासाठी थांबला होता. शनिवारी तो दूरच्या कामावर निघणार होता, कायमचा. काल म्हणाला, "माझे सात पूल झाले गं. तुझ्या बाबांचा एक शिपाई काही पलीकडे जाईना. येतेस, की जाऊ एकटा?"

टपालाला वेळच नव्हता. बाबांना न सांगता ती नमुना घेऊन स्वतः आली होती.

परीक्षकानं टाचेपासून डोळ्यांपर्यंत उंची मोजली. भाला बोटानं वाकवून सोडला. तो पुन्हा सरळ झाला. मग दोन शिपायांच्या मधे त्याला उभं केलं. कोपर शेजाऱ्याला लागलं, तर रांग जुळत नाही.

"कोपर मीच घासलंय," ती घाईनं म्हणाली. "अजून काढायचं असेल तर इथंच काढते. कानस आणलीय."

"थांबा हो ताई. शिपाई शांत उभाय, तुम्हीच लढाईला निघालात."

तिला हसू आलं नाही.

"साहेब, काही राहिलं असेल तर यंदा तेवढं पोटात घाला. बाबा थकलेत. आणि मी... दिवस हातातून निघून चाललेत हो माझे."

परीक्षकानं चष्मा काढून पुसला. तिच्याकडे नीट पाहिलं.

"पोटात काय घालायचंय? उलट तुम्हीच त्यांना समजवा. दर वेळी मी पास झाल्याचं कळवतो, आणि दर वेळी त्यांचं पत्र येतं, साचा काढू नका, याहून चांगला पाठवतो. अकरा वर्षांत त्यांचा एकही शिपाई मी नापास केलेला नाही."