हक्कसोडीचा अंगठा

देवकाबाईचा अंगठा चौथ्यांदाही मशीननं घेतला नाही.

"चाळीस वर्सं रोवणी केली, साहेब. रेषा साऱ्या चिखलात गेल्या," ती कारकुनाला म्हणाली.

श्यामरावानं हसू मिशीत दाबलं. बहिणीच्या या एका अंगठ्यासाठी तो साकोलीच्या नोंदणी कार्यालयात सकाळपासून ठाण मांडून होता. बाबूजींनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली, महामार्गालगतची चार एकर धानाची बांधी. बाबूजी गेले; वारस दोन, तो आणि देवकाबाई. तिनं हक्क सोडला की जमीन एकट्याची, आणि परवा प्लॉटवाल्याची. बदल्यात साडीचोळी. रीतच आहे.

बाईनंही फार ताणलं नाही. "आंधळगावचा कोसा पाह्यजे," एवढंच म्हणाली.

बायकोची तेवढी कुरकुर होती. "बांधी काहून विकता?" शकुनबाईनं एकदा विचारलं, मग तीही वळणावर आली. उलट तिनंच सुचवलं, "बाईची हक्कसोड आधी करून घ्या. मागून भांडन नोको."

आता तीच पुढं सरकली. "बाई, अंगठा केसाईतून फिरवा. तेल लागू द्या. मंग दाबा."

देवकाबाईनं तसं केलं. हिरवा दिवा लागला.

"आमची घरची हुशार आहे," श्यामराव कारकुनाला म्हणाला. खोटं नव्हतं. आजारी सासऱ्याला, तिच्या मामाजींना, एसटीनं साकोलीच्या दवाखान्यात आणणं-नेणं दोन वर्षं तिनंच केलं. श्यामरावाला प्लॉटवाल्यांतून सवड कुठली?

बाहेर टपरीवर त्यानं तीन चहा सांगितले. कागद शर्टाच्या आत, छातीशी.

"आता सांग बाई, बांधी कोणाची?"

"माही त नाही, बापा," देवकाबाई कोसा साडीची पिशवी कुरवाळत म्हणाली. नणंद-भावजय एकमेकींकडं पाहून हसल्या. श्यामरावही हसला. घरात असा सलोखा हवा.

"पन कावं, हे केसाचं तुले कोनं शिकवलं?" त्यानं बायकोला विचारलं.

शकुनबाईनं चहावर फुंकर घातली.

"इथल्याच आधीच्या कारकुनानं. मामाजीनं बांधी माह्या नावानं बक्षीस करून देली नं, तवा माहाही अंगठा असाच लागत नव्हता. इचारा बाईले, साक्षीले त्याच होत्या."